यशवंतपूरहून पोचवलेला नमस्कार

ती. आईस,
बेंगळुरूहून नीरजाचा नमस्कार.

युद्धाशिवाय इलाज नाही, हे नेत्यांचं परवाचं भाषण ऐकून तू जेवली नाहीस, असं बाबा म्हणाले. म्हणून आधी हे सांगते, की वेदांत खुशाल आहे. त्याचं इथलं ट्रेनिंग अर्ध्यावर थांबवून त्याला सीमेवर परत बोलावलंय. काल यशवंतपूर स्टेशनवर मीच त्याला गाडीत बसवून दिलं.

डब्यात त्याच्या समोरच्या सीटवरचे गृहस्थ मोबाईलवर तेच भाषण ऐकत होते. वेदांत फौजेत आहे हे कळल्यावर त्यांनी हिंदीत विचारलं, "युद्ध होणार का हो?"

"मला नाही वाटत," तो शांतपणे म्हणाला. "आमची तयारी दिसली की समोरचाही दहादा विचार करतो." मग मी डब्यात करून दिलेले धपाटे त्याने त्यांना दिले, स्वतःही पोटभर खाल्ले. मला त्याचं पटलं. तूही आता नीट जेव. बाबांचा गुडघा कसा आहे?

गाडी सुटायच्या आधी तो खाली उतरून माझ्या पाया पडला. भाऊबीजेलासुद्धा त्याला ओढून वाकवावं लागतं. मी म्हटलं, "हे काय नवीन?"

"आईला नमस्कार करायचा राहिला होता."

तुझ्या वतीने मी म्हटलं, "दिवाळीला घरी ये."

"येणारच," म्हणाला.

तुझी,
नीरजा