गोणपाटाची ओळ

४ मार्च, मंगळवार
आत्याने दवाखान्यातला संगणक माझ्या ताब्यात दिला! म्हणे, "गावोगाव चपला झिजवल्यास, आता जरा बोटं झिजव." जनावरांची डॉक्टर ती. दवाखान्यामागे टाकून दिलेली कुत्री-मांजरं सांभाळते. जागा पुरेना, म्हणून रविवारी लोकांना बोलावलंय — आवडेल ते घरी न्या. उरतील ती सोमवारी गाडीत घालून दूरच्या मोठ्या निवाऱ्यात.
त्यांची यादी मी करायची. सॅक सोडलेली नाही. सोमवारचंच तिकीट आहे माझंही.

५ मार्च
संगणकात माहितीची तीन टेबलं — प्राणी, लसी, आणि प्राणी मागणाऱ्यांचे अर्ज. ती एसक्यूएल नावाच्या संगणकी भाषेने जोडायची. गुरू कोण, तर कंपाउंडर! तिन्हींत प्राण्याचा नंबर आहे, तोच दुवा. मी जॉइन, म्हणजे जोडायची आज्ञा, लिहिली आणि दुवा द्यायचाच विसरले. बाहेर एक जण सायकलवरून शिडी नेत होता, बघायला नको? परिणाम — प्रत्येक कुत्रं प्रत्येक घरी!
कंपाउंडर गार. "ताई, एवढी कुत्री आणली कुठून?"
पत्ता नसलेला अर्ज आत्या घेतच नाही. "स्वतःचा ठिकाणा नाही, तो कुत्र्याला काय सांभाळणार?" बोलली अर्जाबद्दल, बघितलं माझ्या सॅककडे.

६ मार्च
दुवा दिला. जमलं! फक्त एका मांजरीच्या तीन लसी झाल्यात म्हणून ती यादीत तीनदा. आत्या म्हणाली, "तीन घरी नांदणार वाटतं ही."

७ मार्च
तेही सुधारलं. फोटोंसकट यादी फाटकावर लावली. लोक थांबून वाचतायत! मी हवेत. गोणपाट नावाचा कुत्रा दिवसभर माझ्या पायावर हनुवटी टेकून पडलेला. म्हातारा, अंगावरचे केस अस्सल पोत्याचे. गाडीत बसवलं की थरथरतो, नव्या जागी खात नाही, असं आत्या सांगते.

८ मार्च, शनिवार
घोळ!! आत्या फाटकापाशी उभी. "अगं, गोणपाट कुठाय यात?"
नव्हताच. आणखी सहा-सात जणही नव्हते. साधं जॉइन जोडी सापडेल तीच ओळ ठेवतं. ज्यांच्यासाठी अर्ज नाही, ते गळले. म्हणजे ज्यांना लोकांनी बघायला हवं, नेमके तेच मी गायब केले!
"लेफ्ट जॉइन लावा," कंपाउंडर म्हणाला. "डावीकडच्या टेबलातले, म्हणजे आपले प्राणी, सगळे राहतात. जोडी नसेल तिथे नल येतो, म्हणजे रिकामी जागा." लावलं. सगळे परत आले. धावत जाऊन नवी यादी चिकटवली, एक दिवस उशिरा.

९ मार्च, रविवार
काय गर्दी! तीन लसीवाली मांजर एका शिंप्याच्या टोपलीतून गेली, राणीसारखी. यादीतून गळलेलेही एकेक करून गेले. गोणपाटाचे कान एका मुलीने पुष्कळ कुरवाळले. तिची आई म्हणाली, "म्हातारा आहे गं तो. चल."
दिवस संपल्यावर आजचे अर्ज भरले आणि यादी काढणारी ती आज्ञा, क्वेरी, चालवली. एकच नल. कोणाचा ते लिहीत नाही.
दोन दिवस आधी दिसला असता तर? आत्याने रिकामे पिंजरे धुवायला घेतले. रागावली असती तर बरं झालं असतं.

१० मार्च
गाडी फाटकात. अर्जांत एक ओळ भरली. नाव — माझं. पत्त्यापाशी बोटं अडली. मागून आत्या म्हणाली, "वरची खोली लिही. आणि आधी ती सॅक उपस, वास मारतेय."
तिकीट रद्द. क्वेरी पुन्हा चालवली. नल कुठेच नाही!