सुतळीचा डबा

इरा,

सुतळीचा डबा रिकामा दिसेल. घरभर शोधू नकोस, ती पळाली नाही. प्राणी सोडवणारी माणसं सकाळी येऊन तिला घेऊन गेली. मीच बोलावलं. या देशात साप पाळायला बंदी आहे, आपला इथे कायम राहण्यासाठीचा पीआरचा अर्ज नुकताच गेलाय आणि शेजारच्या आंटींनी डबा पाहिला. तू कॅम्पहून येईपर्यंत थांबतो म्हणालो होतो, पण धीर झाला नाही. तुला तोंड दाखवायला नको म्हणून आज दुपारची शिफ्टही मागून घेतली.

तिच्या पोटाची तुला काळजी होती ना? रोज खालचा कागद बदलून बघत होतो, काहीच नव्हतं. आज ती माणसं दारात असताना तिने शी केली. घट्ट, काळपट, टोकाला पांढरी, अगदी तू सांगितलीस तशी.

डबा धुतला नाही. तुला दाखवायला ठेवलाय.

बाबा