टर्बोचं तेल आणि माझा कंट्रोल

२ एप्रिल २००३, गुढीपाडवा. सकाळ.
नवीन वर्षाचा संकल्प: इंजिन ऑइलचं तापमान काबूत आणणे.
मार्चच्या ट्रॅक डेला जे झालं ते इथे एकदाच लिहितो, पुन्हा नाही. पुण्यातला एक मोटर क्लब शिरूरच्या पलीकडे जुनी धावपट्टी भाड्याने घेतो. तिथे आपापल्या गाड्या जोरात पळवायच्या आणि वेळ मोजायची. माझी टर्बो डिझेल तिसऱ्या फेरीत तापली आणि झेंडा दाखवून मला बाहेर काढलं. धूर फार नव्हता. मागच्याला दिसलं नाही, ही त्याच्या डोळ्यांची तक्रार.
पुढचा ट्रॅक डे २७ तारखेला, रविवारी. २८ ला सकाळी बायकोची, वैजयंतीची, पुण्यात केंद्रप्रमुखाची परीक्षा. लोणीच्या शाळेत बारा वर्षं मास्तरीण आहे, तीन वर्षांनी ही परीक्षा निघाली. मी म्हणालो, एसटी नाही, काही नाही, मी स्वतः सोडतो, थेट गेटपर्यंत. ती गुढीला साखरेची गाठी बांधत होती. म्हणाली, इंजिन राहिलं तर. मी हसलो. बायकांना इंजिनातलं काय कळतंय.

६ एप्रिल. संध्याकाळ.
आळेफाट्याला कुंडलिक मेकॅनिककडून तेलाच्या तापमानाचा मीटर बसवून घेतला. सेन्सर खाली ऑइल चेंबरमध्ये. येताना अवसरी घाटात टॉप गिअर सोडला नाही. मीटर १३२ अंश.
कुंडलिकला फोन केला. तो म्हणाला, भाऊ, जरा दमानं चालवा की, लगेच उतरंल. या माणसाला व्हिजन नाही. दमानं चालवायला टर्बो कशाला घ्यायची, बैलगाडी आहे की घरात.

९ एप्रिल.
पुण्याहून सिंथेटिक तेल आणून घातलं. घाटात पुन्हा चाचणी. १३१.
सुरुवात चांगली आहे.

१३ एप्रिल. दुपार.
शोध: हीटर फुल चालू ठेवला की इंजिनाची उष्णता आत येते, म्हणजेच इंजिन थंड होतं. साधं सायन्स.
सासूबाईंना, म्हणजे प्रयागबाईंना, लोणीहून आळ्याला लग्नाला सोडायचं होतं. चालून आलेली संधी. चार खिडक्या उघड्या, हीटर फुल. ऊन मी म्हणत होतं. पारगावच्या पुढे त्यांनी पदराने वारा घालायला सुरुवात केली. मंचरात म्हणाल्या, जावईबापू, मला हितंच उतरवा, लाल डबा गार असतो. उतरल्या आणि एसटीने गेल्या. आहेराचं पातळ मागच्या सीटवर राहिलं.
पण मीटर १२६! घरी जाऊन आधी आकडा सांगितला. वैजयंतीने आधी आईचं विचारलं. प्राधान्यक्रम ज्याचा त्याचा.

१७ एप्रिल.
नवीन शिस्त: टर्बो गरम असताना इंजिन लगेच बंद करायचं नाही, थोडं चालू ठेवायचं. आज वैजयंतीला शाळेतून आणायला गेलो. ती गाडीत बसेपर्यंत इंजिन चालू. बसल्यावरही चालू. मुख्याध्यापक बाहेर आले आणि म्हणाले, आत पाढे ऐकू येत नाहीत. मी टर्बोचं बेअरिंग समजावून सांगितलं. ते घड्याळ बघत राहिले.
घरी येताना वैजयंती प्रशासनाचे नियम पुटपुटत होती. मी आवाजात आवाज मिसळून तेलाचे नियम सांगितले. एकदाच म्हणाली, जरा गप बसता का. परीक्षेचं टेन्शन आहे बिचारीला.

२० एप्रिल.
कुंडलिकने ऑइल कूलर बसवला. रेडिएटरच्या पुढे छोटी जाळी, तिच्यातून तेल फिरतं आणि वाऱ्याने गार होतं. घाट पूर्ण दाबून चढलो. ११२!
कुंडलिक खूश. म्हणाला, आता झालं, ह्याच्या म्होरं वारा लागू द्या, बाकी कशाला हात लावू नका. जणू सगळं श्रेय त्याचंच. मुळात कल्पना माझीच होती. मासिकात वाचलेली.
आता ११२ वर थांबणारे आपण नाही. ध्येय: १००.

२२ एप्रिल. सकाळ.
गोठ्यासमोर उभं राहून विचार केला. आमचे वडील धर्माजी बैलगाड्याचे जुने शौकीन. पंचक्रोशीतल्या शर्यतीच्या घाटांत त्यांची जोडी काही सेकंदांत बारी मारायची, म्हणजे धाव पुरी करायची. धावून आलेल्या बैलाला ते काय करतात? अंगावर ओलं गोणपाट टाकतात. मग टर्बोला का नको?
वडिलांना विचारलं. ते म्हणाले, पळून आल्याव टाकत्यात, पळताना न्हाई. बैलाचं ठीक आहे, पण आमच्या पिढीने पुढे जायला नको का? पळताना टाकलं तर तापेलच कशाला.
कांद्याच्या चाळीतून जाड गोणपाट काढून ठेवलं. कूलरच्या बरोबर मापाचं. योग असतात काही.

२४ एप्रिल, गुरुवार.
आज मोठा दिवस. मीटरचा अभ्यास करता करता लक्षात आलं, सेन्सर चुकीच्या ठिकाणी होता. चेंबरमध्ये तेल सगळ्यात गरम असतं, तिथे ठेवून गाडीवर अन्यायच केला. सेन्सर कूलरच्या बाहेरच्या पाइपवर बांधला. ९१. थोडा पुढे, बंपरजवळ. ७४. बंपरच्या आतल्या बाजूला, वारा लागेल असा. ६२!
बासष्ट. संकल्प पूर्ण, आणि तीन दिवस आधी. आनंदाने वैजयंतीला हाक मारली. ती आली, मीटर बघितला, बंपर बघितला, आणि विचारलं, तेल कुठं आहे? मी म्हणालो, आत. म्हणाली, मग बाहेरचं कसलं तापमान घेताय? शिक्षक लोकांना सगळ्यात चुका दिसतात. सवय.

२६ एप्रिल.
गाडी धुतली. गोणपाट भिजवून कूलरवर सुतळीने आवळलं. गोरखने, म्हणजे शेजारच्या जीपवाल्याने, विचारलं, राव, ह्यानं वारा बंद न्हाई का हुनार? गोरखची जीप महिन्यातून दोनदा ढकलावी लागते. त्याच्याशी काय बोलायचं.
वैजयंती रात्रीचं जेवण लवकर आटपून उजळणी करत होती. मी उद्या पहाटे निघणार, दुपारपर्यंत परत. परवा सकाळी तिला गेटपर्यंत. सगळं ठरल्याप्रमाणे.

२७ एप्रिल, रविवार. पहाट.
वडिलांनी बंपरवर भंडारा उधळला. गोणपाट पिवळं झालं. शुभ आहे.

त्याच दिवशी, दुपार.
पहिली फेरी: मीटर ६२. गाडी हवेत. दुसरी फेरी: ६०. कमी होतंय! तिसऱ्या फेरीत गाडी जरा जड वाटली. वळणावर लाल दिवा लागला, तेलाचा. मीटर ६० दाखवत होता, म्हणजे दिव्यात फॉल्ट. मी ॲक्सिलरेटर सोडला नाही. मग खालून आवाज सुरू झाला, लोखंडी डब्यात कोणीतरी खडे हलवावेत तसा. मीटर ६१. मग एक ठण, आणि गाडी आपोआप हळू झाली. शांतता. धूर.
क्लबचा माणूस आला. बॉनेट उघडलं. गोणपाट वाळून खडखडीत झालेलं, भंडाऱ्याचं पोटीस बसलेलं, जाळीला चिकटलेलं. त्याने ते दोन बोटांनी उचललं आणि विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, आधी मीटर बघा. त्याने मीटर बघितला. मग तार धरून धरून सेन्सरपर्यंत गेला. बंपरपाशी बराच वेळ उभा राहिला.

संध्याकाळ.
गाडी टेम्पोत घालून आळेफाट्याला. कुंडलिकने चेंबर उघडला. तेलात चमकी तरंगत होती. म्हणाला, बेअरिंगचा चुरा हाय, क्रँक गेली, इंजिन बसलं. मी म्हणालो, सकाळपर्यंत होईल का, साडेसहापर्यंत? तो हात पुसत राहिला. मग चहा मागवला, माझ्यासाठी. त्यावरून समजलो.
घरी यायला वडापच्या जीपमध्ये दाटीने बसून आलो. वाटेत कारणं तयार केली. दिवा. सुतळी. क्लबचं डांबर. वैजयंती ओट्यापाशी होती. मी सांगायला लागलो, तर म्हणाली, हात-पाय धुऊन घ्या, भाकरी गरम आहे.
इतकी शांत. विश्वास असावा की मी काहीतरी करीन. करीन. पहाटेची एसटी आहे, दूधवाला आहे, कोणाच्या तरी पाया पडेन. तिची परीक्षा चुकू देणार नाही. हे मात्र मनापासून लिहितो आहे.

२८ एप्रिल, सोमवार. सकाळ.
मी अंधारात उठलो, दूधवाल्याला गाठायला. अंगणात आलो तर गोरखची जीप उभी. वैजयंती पुढच्या सीटवर, इस्त्रीची साडी, मांडीवर डबा आणि पुस्तकं. मी गोरखला विचारलं, तुला कोणी सांगितलं? माझ्याकडे न बघता म्हणाला, वैनींनी पाडव्यालाच सांगून ठिवलंय.
पाडव्याला. ज्या दिवशी मी शब्द दिला त्याच दिवशी.
मी खिडकीपाशी गेलो. काहीतरी बोलायचं होतं. ती म्हणाली, अहो, चाललंय ना सगळं, तुमी कशाला उठलात एवढ्या लवकर. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. ज्याच्यावर काही अवलंबूनच ठेवलेलं नाही, त्याच्यावर कोण रागावतं? लाज वाटली. फार वाटली.
गोरखने चावी फिरवली. जीप चालू होईना. पुन्हा फिरवली. वैजयंतीने घड्याळ बघितलं, आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली.
मी मागे गेलो, खांदा लावला आणि ढकलली. वडिलांनीही एक हात लावला. अंगणातून, बोळातून, पार मारुतीच्या उतारापर्यंत. उतारावर इंजिनाने पकड घेतली आणि जीप गेली. मी तिथेच गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत राहिलो. वडील म्हणाले, चल, गोठ्यात शेण काढायचं हाय.