आमच्या गोलकीपरचे आडनाव

कामठा, ८ जानेवारी २००४

ती. भूमेश्वरीबाईस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि. इकडे सर्व ठीक. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव.

आमगावला आपल्या समाजाच्या फुटबॉल चषकाचा अंतिम सामना आपण हरलो. एक-शून्य, तो गोलही गोलकीपर मनिरामच्या हातून. चेंडू इतका हळू आला की आपल्या जमुनाकाकीने पदरात झेलला असता! चार दिवस टपरीवर हाच विषय. मंडळाचे केशोराव म्हणतात, पोराचा फॉर्म संपला, बसवा त्याला. चुन्नीलाल म्हणतो, उपांत्य सामन्यात दोन पेनल्टी अडवणारा चार दिवसांत कसा संपेल?

स्पर्धा फक्त समाजाच्या खेळाडूंसाठी होती आणि मनिराम गोंड. पण बाबूजींनी मंडळ सर्वांसाठी काढले, म्हणून त्याला गाळणे बरे वाटेना. अर्जात बाबूजींचे नाव लावून मी त्याला आपल्याच घरचा केला: मनिराम हुकुमचंद बिसेन. तो काही बोलला नाही.

१८ तारखेच्या बैठकीत त्याला काढायचे घाटते आहे. तू संस्थापकाची मुलगी. संमतीच्या दोन ओळी पाठव.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
लोकेंद्र

भंडारा, १३ जानेवारी २००४

चि. लोकेंद्रास आशीर्वाद.

गुडघे जागच्या जागी आहेत. संमती मिळणार नाही.

तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी मनिरामचे पत्र आले. माझा विद्यार्थी आहे, अजून लिहितो. अंतिम सामन्याला त्याने बापाला बोलावले होते. सुकराम दरेकसाहून पॅसेंजरने आला, मुलाचा खेळ आयुष्यात पहिल्यांदा बघायला, आणि गोलमागे दोरी धरून उभा राहिला. भोंग्यावरून नावे वाचली. मनिरामच्या बापाच्या जागी आपल्या बाबूजींचे नाव आले, टाळ्या पडल्या. सुकरामने मागून एवढेच विचारले, काऊन रे बाबू, मी मेलो का?

मनिराम लिहितो, त्यानंतर हात उचललेच गेले नाहीत. याला तुमची टपरी फॉर्म म्हणते!

तो बोलला नाही, कारण त्याला खेळायचे होते. बोलायचे तू होतास. आमचा संघ असा आहे, घेता तर घ्या, एवढे समाजाला सांगायची तुझी छाती झाली नाही. कपाची हाव मोठी. वर बाबूजींचे नाव पुढे करतोस.

हे पत्र बैठकीत मोठ्याने वाच. मग दरेकसाला जाऊन माफी माग.

आशीर्वाद देते, पण रागाने.
भूमेश्वरी

कामठा, २४ जानेवारी २००४

ती. बाईस सा. न.

पत्र वाचायला उभा राहिलो. अर्धेच झाले. केशोराव म्हणाले, अर्ज खोटा होता हे बाहेर पडले तर समाज पुन्हा बोलावणार नाही, चूप बस. हात वर झाले. चुन्नीलालचा तेवढा खाली राहिला. मनिराम बाहेर, कारण, फॉर्म. ठराव मीच लिहिला, सही माझीच.

तरी दरेकसाला गेलो. मनिराम जंगलात कामावर होता. सुकरामने खाट टाकली, पाणी दिले. मी तोंड उघडण्याआधी त्यानेच हात जोडले. म्हणाला, मी मधात बोलून गेलो, पोराचे ध्यान सुटले, तुमचा कप गेला, माफी द्या मालक. त्याले टीममधून काढू नका.

बाई, मी, असू द्या, एवढेच म्हणालो आणि परतीच्या गाडीत बसलो.

उत्तर लिहावेसे वाटले तरच लिही.
लोकेंद्र