उपडा पेला

लातूर, गुरुवार, दिवेलागण

क्लासची पोरं मेसमध्ये जेवायला यायच्या आत लिहून टाकते. दुपारपासून तो पेला डोळ्यासमोरून जात नाही.

रेवतीचा व्हिडिओ कॉल आला होता. लक्झेंबर्गमध्ये ती शिकायला गेलीय त्या गावात पूर्वी पोलादाचे कारखाने होते. सगळे बंद पडले, पण एक भट्टी तशीच उभी ठेवलीय, तिच्याभोवती कॉलेज बांधलंय. पोरीनं खिडकीतून दाखवली. काळी, उंच, थंडगार. मला आपल्या बंद तेलगिरणीची चिमणी आठवली. तिथंही आता क्लासच.

"पडंल की गं ती," मी म्हणलं.

"आई, इथं भूकंप होत न्हाई."

फोन वळला तेव्हा दिसलं. तिच्या उशाशी पालथी ताटली आणि तिच्यावर स्टीलचा उपडा पेला.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आम्ही सगळेच असं ठेवून झोपायचो. जमीन हलली की पेला पडून वाजणार, वाजला की पोरंबाळं उचलून बाहेर पळायचं. मी अजून ठेवते. पण रेवती तर भूकंपानंतर किती वर्षांनी जन्मली! तिला मी कधी ठेव म्हणलं नाही. म्हणलं का?

"मग तो पेला कशाला गं?"

हसली. "त्याच्याशिवाय झोपच येत न्हाई."

मीही हसले. मग उगाच विचारलं, "आणि वाजला तर?"

तिनं पुन्हा खिडकीबाहेर बोट दाखवलं. "भट्टीच्या पलीकडं मोकळं मैदान हाय. आल्या दिवशीच बघून ठेवलंय."