वरच्या आळीला पाणी नाही

९ मे २०२५, शुक्रवार
आज अकरावा दिवस. नळ कोरडा. खालच्या आळीची टाकी मात्र परवाच भरली. खाडीकडच्या विहिरीचं खारट पाणी अंगावर घेऊन आमच्या रुचिताच्या पायांवर पुळ्या उठल्यात. नऊ वर्षांची पोर, रक्त येईस्तोवर खाजवते. अंगणवाडीतल्या खिचडीसाठी घरचाच हंडा नेला.
माझा नवरा निकेत चिडलाय. "मोरू मुद्दाम त्यांच्याकडं पानी फिरवतो. त्यांच्याच आळीचा ना!" मोरू म्हणजे पंचायतीचा पाणी सोडणारा.

११ मे
निकेतने भर रस्त्यात मोरूची कॉलर धरली. मोरू एकच सांगत होता, "वरनंच कमी येतंय, दादा. मी काय करू?"
घरी आल्यावर निकेत म्हणाला, "त्यांची टाकी एकदा बंद पडली की साहेब लोक टँकर घेऊन धावत येतील बघ."
मी म्हटलं, पडू दे एकदा! — खरंच म्हटलं.

१२ मे
निकेत आज न्हावा शेव्याला कामावर गेलाच नाही. दुपारी बघते तर पिण्याच्या पाण्याने हात धुतोय. तीनदा साबण लावला! मी ओरडले. त्याने चौथ्यांदा साबण उचलला.

१३ मे
खालच्या आळीत सकाळपासून उलट्या. अकरा जण. टाकीच्या पाण्याला भातावर फवारायच्या औषधाचा वास! केसरची आरोही — चार वर्षांची, माझ्याच अंगणवाडीतली — अलिबागला नेली. शुद्ध नाही.
पडवीतल्या फळीवर आमची त्याच औषधाची बाटली नाही.

१४ मे
निकेतला विचारलं. आधी नाही म्हणाला. मग खाली बसला.
"कोनाला मारायचं नव्हतं गं. वाटलं, वास आला की पिनार न्हाईत. टँकर येईल. रुचीचे पाय बघवत नव्हते मला."
मी उठले. त्याला जेवायला वाढलं.

१५ मे
चावडीवर हरेश्वरकाका सांगत होते, "कोनी का केलं असंना, पानी न्हाय तर मानूस दुसरं काय करील? येळच तशी आली." ऐकून मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.
मग केसर आठवली. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या आळीला महिनाभर पाणी नव्हतं. दुसऱ्या वेळची पोटुशी बाई दोन-दोन हंडे घेऊन बांधावरून यायची. तिने कोणाच्या पाण्यात काही ओतलं नाही.
निकेतला हे सांगणार होते. नाही सांगितलं.

१७ मे
टँकर आले! दोन्ही आळ्यांना, रोज दोन. पिंप, बादल्या, कळशा, सगळं भरलं. रुचिताला गोड्या पाण्याने आंघोळ घातली. न खाजवता झोपली. निकेत पाण्याकडे बघत नाही.

१८ मे
केसरचा फोन. "बाई, आरोहीनं डोले उघडले! तुमचंच नाव घेते." रडत होती. मीही रडले. मग म्हणाली, "कोनी केलं ते कललं तर सांगा हां. तुमच्यावर इस्वास हाय."
आता सांगायला हवं. पोर वाचली, पाणी आलं. आता भीती कसली? उद्या निकेतला घेऊन पोलीस ठाण्यात जायचं.

१९ मे
गेलो नाही.

२० मे
दुपारी हवालदार दारात आले. घरोघर एकच विचारत होते — बारा तारखेला टाकीकडे कोणी दिसलं का? शेजारच्या म्हणाल्या, न्हाय. ते पुढे निघाले. माझ्याकडेही तेवढंच विचारलं. न्हाय म्हटलं असतं तर वही मिटून गेले असते.
मी म्हटलं, मोरू. त्याच्या हातात बाटली होती.
जबाबाखाली सही केली.