शोगेकीचं दुसरं वाक्य

८ जानेवारी २०१९

आजचा शब्द – शोगेकी. म्हणजे धक्का. ट्रक झाडावर आदळला तरी शोगेकी, वाईट बातमी आली तरी शोगेकी. पुण्याच्या जपानीच्या बाईंनी – त्यांना सेन्सेई म्हणायचं – व्हॉट्सॲपवर आवाजात बोलून पाठवला. यात नवल ते काय! आपला धक्काही दोन्हीकडे चालतोच की.

गृहपाठ दोन वाक्यांचा. एक अंगाला बसलेल्या धक्क्याचं, एक मनाला बसलेल्या. ऐकलेलं नको, स्वतःचं हवं म्हणे. माझ्याकडे दोन्ही नाहीत. दुष्काळाला धक्का म्हणता येत नाही. तो सांगून येतो आणि मुक्काम ठोकतो.

वडील, म्हणजे आमचे दादा, चुलीपाशी बसून ऐकत होते. म्हणाले, "जपानला म्हाताऱ्यांची सेवा कराया जायचं, त्याला एवढी भाषा कशाला लागती?"

"कुठं दुखतंय ते विचारायला नको का?"

"न्हाई दुखत म्हनत्यात सगळे. तेवढं शिक, बास."

११ जानेवारी

गावच्या सहकारी दूध संस्थेनं संकलन बंद केलं. दूधच नाही, गोळा काय करणार? दादा तिथं दूध मोजून घ्यायचे. आता पाटलांच्या विहिरीवर जातात. विहीर खोल करायचं काम आहे – सुरुंगाचे बार लावून खडक फोडायचा आणि यारीनं दगड वर काढायचे. परवा बार उडाला तर आमच्या मांडणीतली भांडी वाजली. पाणी अजून नाही.

१५ जानेवारी

संक्रांत. आई घरी नाही, सणाला चव नाही. आई आणि बिभीषण मामा दिवाळीपासून सांगलीकडे ऊस तोडतायत. कोयत्याला जोडी लागते, ती बहीण-भावांनीच केली. मामाच्या फोनवरून बोलली. कासारीण टोळीवर आली होती, हिरव्या बांगड्या भरल्या म्हणे. "तुज्या बापाला सांग, रतन नटून ऊस तोडतीया." दादा लाजले! तोंड फिरवून विडी शोधत बसले.

१९ जानेवारी

दादांना विहिरीत लागलं. नगरला दवाखान्यात आहोत.

२० जानेवारी

एक बार उशिरा उडाला. सगळे उडाले असं समजून दादा खाली उतरत होते. दगड डोक्याला आणि खांद्याला लागला. टाके पडले, खांदा बांधलाय. शुद्धीवर आहेत. चहा मागितला, फिका आहे म्हणून कुरकुरही केली. देवा, किती बरं वाटलं ती कुरकुर ऐकून.

कालच मामाला फोन केला होता. म्हटलं, "दादांना लागलंय. नगरला दवाखान्यात आहेत. शुद्धीवर आहेत. आईला घेऊन या."

मामा म्हणाला, "खरं सांग, आशे."

"खरंच सांगतेय मामा."

"बरं बरं. समजलं. निघतो आमी."

समजलं म्हणाला, मी निश्चिंत झाले.

२१ जानेवारी

आई आली. वॉर्डाच्या दारात उभी. कपाळ कोरं. हात मोकळे, एका मनगटाला काचेचा ओरखडा. मंगळसूत्र पदराच्या गाठीत.

दादा खाटेवर बसून केळं खात होते.

आई तिथंच दारात खाली बसली. रडली नाही. हसलीही नाही. मामा माझ्यावर खेकसला, "मंग तसं सांगायचं ना!" तसंच तर सांगितलं होतं! पण आमच्याकडे माणूस गेला तरी हेच सांगतात – लागलंय, दवाखान्यात आहे, निघून या. मी खरं बोलले, आणि त्यांनी ते रिवाजानं ऐकलं. कसं लक्षात आलं नाही माझ्या? आज्जी गेली तेव्हा मलाही हॉस्टेलवरून असंच बोलावलं होतं.

बांगड्या आईनं स्वतःच फोडल्या. एस्टीत बसायच्या आधी, बैलगाडीच्या चाकावर. "बायकांनी धरून फोडाव्यात त्यापरीस मीच," एवढंच बोलली. सांगली ते नगर ती विधवा होऊन आली. पूर्ण रस्ता.

पहिलं वाक्य सेन्सेईंना पाठवलं – दगड लागला. दुसरं लिहायला घेतलं आणि ठेवून दिलं.

२४ जानेवारी

दादांनी मला बाजारात पाठवलं – हिरव्याच आण. मी आईचा हात धरून एकेक चढवली. दादा बघत होते. म्हणाले, "लई घाई झालती का माज्या मरणाची?" आईनं कुंकू लावलं आणि पहिल्यांदाच ढसाढसा रडली.

मग डोळे पुसून म्हणाली, "आता आपल्या घरात जे असंल तेच सांगायचं. गेलं तर गेलं म्हनायचं." आम्ही दोघांनी हो म्हटलं.

२ फेब्रुवारी

घरी आलो. शेजारच्या छबुबाई बघायला आल्या. "जित्या नवऱ्याचं कुंकू पुसलं, बरं न्हाई ते." आई भाकरी थापत राहिली. मला राग आला, तोंडावर बोलले नाही.

१२ फेब्रुवारी

पुणे. जपानी शिकणाऱ्या मुलींचं वसतिगृह. मुलाखत पुढच्या महिन्यात. निघायला जीव होत नव्हता. आई उसाला परत गेली नाही, दादांजवळ थांबलीय, म्हणून तर निघता आलं. रोज फोन. दादा रोज – "बरा हाय."

२४ फेब्रुवारी

आईचा फोन. "ते बरा हाय सांगतेत, पर डोकं धरून बसतेत. काल उलटी झाली." डोक्याला लागल्यावर हे चांगलं नसतं. म्हटलं, आजच्या आज नगरला न्या. दादांनी फोन घेतला – "काय न्हाई दुखत." न्हाई दुखत म्हनत्यात सगळे! मी ओरडले त्यांच्यावर. उद्या सकाळी जातो म्हणाले.

२५ फेब्रुवारी

आईचा फोन. "आशे, तुजं दादा गेलं. रस्त्यातच. जेवून निघ."

पुढं मागं काही नाही. कबूल केल्याप्रमाणे. एस्टीत लिहितेय. शोगेकीचं दुसरं वाक्य हेच. लोक आडून का सांगतात ते आज कळलं. तिला रस्ताभर निदान शंकेला जागा होती, मला नाही. तरी तिनं खरं सांगितलं, त्याचा राग येत नाही.

२६ फेब्रुवारी

दादांना न्यायच्या आधी बायका आईजवळ सरकल्या. छबुबाईंनी मनगट धरलं. आईनं हात ओढून घेतला. म्हणाली, "त्यांच्या नावाच्या एकदा फोडल्यात मी. ह्या त्यांच्यादेखत भरलेल्या हायत. ह्याला कुणी हात लावायचा न्हाई."